कपाटात दडलेली लॉन्ड्री: दारं सगळ्यात शेवटी

स्वयंपाकघर आणि लॉन्ड्री एकाच भिंतीवर आणायची, वॉशर-ड्रायर पूर्ण उंचीच्या दारांमागे झाकायचे, आणि काम करताना ती दारं बाजूच्या खाचेत सरकवून ठेवायची, हा सध्याचा आंतरराष्ट्रीय कल आहे. बाहेर हवा सोडणारी नळी न लागणारे हीट पंप ड्रायर आल्यामुळे ते शक्य झालं. छायाचित्रात भिंत शांत, सपाट दिसते. यंत्रामागे सोडलेली जागा, सांडपाण्याचा पाइप आणि हवेची वाट मात्र त्यात दिसत नाही, आणि गडबड तिथेच होते.

बहुतेक जण आधी कपाटाचा आराखडा पक्का करतात, सुतार '६० सेंटिमीटरचं यंत्र' धरून खोकं बनवतो, आणि यंत्र शेवटी येतं. मग दार अर्धवट बंद होतं, ड्रायर तासन्‌तास चालतो, ओट्याखालचा प्लाय फुगतो. हे टाळायचं तर क्रम असा ठेवा: यंत्र, जागा, पाणी, वीज, हवा, खोकं, आणि सगळ्यात शेवटी दार.

## १. यंत्रं आधी ठरवा

पर्याय तीन. वॉशर आणि ड्रायर शेजारी-शेजारी ठेवले तर किमान १२५ सेंमी रुंदी लागते, पण वर सलग ओटा मिळतो. एकावर एक ठेवले तर रुंदी साधारण ६२ सेंमी आणि उंची १७५ सेंमीच्या आसपास. तिसरा पर्याय म्हणजे धुणं आणि वाळवणं एकाच यंत्रात. त्यातली मेख अशी की वाळवण्याची क्षमता धुण्यापेक्षा बरीच कमी असते. ९ किलो धुणारं यंत्र एका वेळी ६ किलोच वाळवतं, असं सर्रास आढळतं. घरात रोज दोन घाणे निघत असतील तर हा पर्याय घेऊ नका. एकट्या-दुकट्याच्या लहान घराला तो बरा.

यंत्र ठरलं की जाहिरातीतली मापं बाजूला ठेवा आणि बसवणुकीच्या पुस्तिकेतून पाच मापं लिहून घ्या:

- पाय धरून उंची (बहुधा ८५ सेंमी; पूर्ण झाकायच्या मॉडेलची ८२ सेंमीच्या आसपास)
- प्रत्यक्ष रुंदी
- दाराची काच आणि बटणं धरून खोली
- मागच्या नळ्यांना लागणारी जागा, सहसा ५ ते १० सेंमी
- दार ९० अंशांत उघडल्यावर भिंतीपासून टोकापर्यंतचं अंतर

तिसरं आणि चौथं माप मिळवून बघा. ६० सेंमी खोलीच्या यंत्राला प्रत्यक्षात ७० सेंमी लागतात, आणि स्वयंपाकघरातली कपाटं सहसा ५६ ते ६० सेंमी खोल असतात. अशा वेळी ती सगळी रांगच ७० सेंमी खोल करणं हा चांगला उपाय. मागे मिळणाऱ्या १० सेंमीत पाइप आणि वायरी निवांत जातात, आणि वरचा ओटाही ऐसपैस होतो. फक्त लॉन्ड्रीचाच भाग पुढे काढला तर रांग तुटते आणि पुढच्या कोपऱ्यावर लोक आदळतात.

तपासा: ड्रायरचं दार उलट्या बाजूला उघडेल असं बदलता येतं का? बऱ्याच ड्रायरमध्ये येतं, वॉशरमध्ये सहसा येत नाही. म्हणून आधी वॉशरच्या बिजागरीची बाजू बघा, मग दोन्ही यंत्रांच्या जागा ठरवा. दोन्ही दारं एकमेकांकडे उघडली तर ओले कपडे दर वेळी दारांना वळसा घालून टाकावे लागतात.

सावधान: एकावर एक ठेवताना ड्रायरच वर. मधला जोडसंच त्याच निर्मात्याचा आणि त्या मॉडेलजोडीसाठीच बनवलेला हवा. नुसत्या रबरी पट्ट्यांवर ड्रायर ठेवू नका, पिळताना तो हळूहळू पुढे सरकतो.

## २. जागा: कामाच्या क्रमाने

कपड्यांचा प्रवास ठरलेला असतो: गोळा करणं, वेगळे करणं, धुणं, वाळवणं, घड्या, इस्त्री. या पायऱ्या एकाच दिशेने पुढे जाव्यात आणि भाजी चिरायच्या ओट्याला त्यांनी छेद देऊ नये. लॉन्ड्री सिंकच्या बाजूला घ्या, शेगडीच्या बाजूला नाही. पाण्याच्या जोडण्या एकत्र राहतात आणि तेलकट वाफ कपड्यांपासून लांब राहते.

इंडक्शन हॉबच्या (ओट्यात बसवलेल्या विजेच्या शेगडीच्या) थेट खाली वॉशर, डिशवॉशर किंवा फ्रिज ठेवायला निर्माते सहसा मनाई करतात. हॉब खालून हवा घेतो, खालच्या यंत्राची उष्णता आणि वाफ त्याच्या इलेक्ट्रॉनिक्सला मारक ठरते. आराखड्यात हे वारंवार चुकतं, कारण वरून पाहिलेल्या नकाशात दोन्ही गोष्टी नीट बसतात.

समोरासमोरच्या दोन रांगांमध्ये १०५ ते १२० सेंमी अंतर ठेवा. दोन माणसं एकाच वेळी वावरत असतील तर १२०च धरा.

तपासा: चिकटपट्टीने जमिनीवर यंत्रं खऱ्या मापात आखा, उघडी दारंही आखा. डिशवॉशरचं पडलेलं दार आणि वॉशरचं उघडं दार यांच्यामधून कपड्यांची बादली घेऊन चालून बघा. संगणकावरचं त्रिमितीय चित्र पाहून ही चाचणी टाळू नका. त्यात दारं नेहमी बंद असतात.

## ३. पाणी आणि सांडपाणी

दाबापासून सुरुवात करा. बहुतेक वॉशर ०.५ ते १० बार दाबावर चालतात. ०.५ बार म्हणजे साधारण ५ मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ. टाकी गच्चीवर आणि घर शेवटच्या मजल्यावर असेल तर एवढी उंची मिळत नाही. यंत्र मग पाणी भरण्यातच अडकतं आणि चूक दाखवून थांबतं. अशा ठिकाणी दाब वाढवणारा पंप लागेल, आणि त्याची जागा व वीज आत्ताच धरावी लागेल.

पाणी बंद करायचा कॉक यंत्राच्या मागे बसवू नका. तो शेजारच्या कपाटात, हात पोचेल असा ठेवा. नळी फुटल्यावर ७० किलोचं यंत्र ओढून कॉक शोधायला वेळ नसतो. गळती झाल्यास पाणी आपोआप तोडणारी दुहेरी आवरणाची नळी आणि यंत्राखाली काठ असलेला ट्रे, हे दोन्ही घ्या. ट्रेला निचऱ्याची नळी असेल तर उत्तम, नसेल तर त्यात गळतीचा इशारा देणारा सेन्सर टाका.

सर्वांत जास्त चुका सांडपाण्याच्या उभ्या पाइपमध्ये होतात. त्याचं वरचं तोंड यंत्र उभं असलेल्या पातळीपासून ६० ते १०० सेंमी उंचीवर हवं. त्याहून खाली असेल तर पाणी सायफनने आपोआप ओढलं जातं: यंत्र पाणी भरत राहतं, ते तसंच वाहून जातं आणि धुणं संपतच नाही. लोक याला यंत्राचा बिघाड समजून तंत्रज्ञ बोलावतात. तोंड १०० सेंमीच्या फार वर गेलं तर पंपावर ताण येतो. यंत्र चौथऱ्यावर चढवणार असाल तर माप जमिनीपासून नव्हे, चौथऱ्याच्या माथ्यापासून घ्या.

पाइप ४० ते ५० मिमी व्यासाचा आणि खाली ट्रॅप, म्हणजे पाणी धरून वास अडवणारं वळण, असलेला. नळी त्यात १० ते १५ सेंमीच घाला. ट्रॅपमधल्या पाण्यात ती बुडता कामा नये. नळी आणि पाइप यांच्यामधली फट सिलिकॉनने बुजवू नका. तिथून हवा आत जाते, म्हणूनच सायफन तुटतो. वास येतो म्हणून फट बुजवणारे बरेच असतात, पण वास येत असेल तर दोष ट्रॅपमध्ये आहे. तो कोरडा पडलाय किंवा बसवलेलाच नाही.

वॉशर आणि डिशवॉशर दोन्ही सिंकच्या ट्रॅपला जोडायचे असतील तर दोन स्वतंत्र तोंडांचा ट्रॅप घ्या. प्रत्येक नळी आधी ओट्याच्या तळापर्यंत उंच नेऊन, तिथे अडकवून, मग खाली आणा. तो वळसा नसेल तर सिंकमधलं खरकटं पाणी यंत्रात उतरतं. हीट पंप ड्रायर कपड्यांतून जे पाणी काढतो त्यासाठीही एक जोड आत्ताच काढून ठेवा, म्हणजे दर घाण्याला त्याची टाकी रिकामी करावी लागणार नाही.

तपासा: भिंतीवर टाइल चढण्याआधी उभ्या पाइपमध्ये १० लिटर पाणी अर्ध्या मिनिटात ओता. यंत्राचा पंप जवळपास त्याच वेगाने पाणी फेकतो. तोंडाशी पाणी चढलं तर उतार किंवा व्यास कमी आहे. फोडायचं तर आत्ताच.

## ४. वीज

२३० व्होल्टच्या जोडणीत ढोबळ आकडे असे: वॉशर २ ते २.३ किलोवॉट, डिशवॉशर सुमारे २, ओव्हन ३ ते ३.६, चार झोनचा इंडक्शन हॉब ७.४ किलोवॉटपर्यंत म्हणजे ३२ अँपिअर. हीट पंप ड्रायर सहसा १ किलोवॉटच्या आत भागतो. हॉबला स्वतंत्र सर्किट, वॉशरला स्वतंत्र, ओव्हनला स्वतंत्र. सर्वांवर विजेची गळती होताच पुरवठा तोडणारं ३० मिलीअँपिअरचं उपकरण आणि खात्रीचं अर्थिंग हवं. हे काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या, आणि एकूण भार घराच्या मंजूर भारात बसतो का हे त्याच्याकडून आधी वदवून घ्या.

सॉकेट यंत्राच्या पाठीमागे नको. तो शेजारच्या कपाटात, कॉकच्या वरच्या पातळीवर हवा. मागे सॉकेट असला की प्लगची जाडी यंत्राला ४-५ सेंमी पुढे ढकलते आणि मोजून-मापून केलेली सगळी खोली वाया जाते.

उपकरणं फोनवर जोडायची हौस असेल तर 'मॅटर' हे सामाईक मानक बघा. वॉशर आणि डिशवॉशर त्यात ऑक्टोबर २०२३च्या १.२ आवृत्तीत आले, ड्रायर, हॉब आणि हूड (शेगडीवरची वाफ-धूर ओढणारा पंखा) मे २०२४च्या १.३ मध्ये. पॅकिंगवरचं चिन्ह पुरेसं नाही, तुमच्या मॉडेलमधलं नेमकं कोणतं काम त्यातून चालतं ते विचारा. खरा उपयोग गळतीच्या इशाऱ्याचा. बाकी बऱ्याच सोयी महिनाभरात विसरल्या जातात.

## ५. हवा: इथे घाई नको

हीट पंप ड्रायर ओली हवा बाहेर सोडत नाही. तीच हवा आत फिरवून तिच्यातलं पाणी काढतो. म्हणून 'याला हवा लागत नाही' असा समज पसरला आहे, आणि तो चुकीचा आहे. यंत्र जेवढी वीज खातं, ती जवळपास सगळी शेवटी उष्णता होऊन भोवतीच्या हवेत उतरते, थोडी वाफही निसटते. बंद खोक्यात दोन तास ७००-८०० वॉटचा हीटर लावल्यासारखंच हे झालं. बऱ्याच निर्मात्यांनी भोवतीच्या हवेसाठी ५ ते ३५ अंश सेल्सिअस ही मर्यादा दिलेली असते. खोक्यातलं तापमान त्यावर गेलं की पाणी नीट सुटत नाही, वेळ वाढतो, कॉम्प्रेसर सुरक्षिततेसाठी थांबतो. कपडे दमट राहतात आणि दोष यंत्राला जातो.

यावर उपाय दोन, आणि दोन्ही करावेत. पहिला, वाळवताना कपाटाचं दार उघडं ठेवणं. खाचेत सरकणारी दारं इथे खरी कामाला येतात. दुसरा, खाली स्कर्टिंगमध्ये (कपाटाच्या पायाशी असलेल्या पट्टीत) आणि वर कपाटाच्या माथ्यावर कायमच्या जाळ्या. थंड हवा खालून येते, गरम वरून निघते. नुसती खालची जाळी दिली तर गरम हवा वरच कोंडते. जाळीचं क्षेत्रफळ पुस्तिकेत पाहा, आणि मोजताना जाळीच्या बाहेरच्या मापाऐवजी भोकांचं एकूण क्षेत्रफळ धरा. शोभेच्या बारीक जाळ्यांत निम्मी जागा पट्ट्यांनीच जाते.

सावधान: ड्रायर कुलूप लागणाऱ्या दारामागे ठेवू नका. सरकत्या दारामागे, किंवा ज्याची बिजागरी ड्रायरच्या दाराच्या विरुद्ध बाजूला आहे अशा दारामागे ठेवून ड्रायरचं दार पूर्ण उघडता येत नसेल, तर तेही नको. सुरक्षिततेची ही अट पुस्तिकेच्या पहिल्या पानांतच असते, आणि सुतारापर्यंत ती क्वचितच पोचते.

सावधान: 'कपाट बंद केलं की ड्रायरची वीज तोडणारा स्विच' अशी युक्ती कोणी सुचवेल. करू नका. वाळवण्याच्या शेवटी कपडे थंड करण्याचा टप्पा असतो. मध्येच थांबलेल्या ड्रायरमध्ये गरम कपड्यांचा गोळा तसाच पडून राहतो आणि आगीचा धोका निर्माण होतो.

बाहेर हवा सोडणारा जुन्या पद्धतीचा ड्रायर असेल तर त्याला साधारण १०० मिमीची स्वतंत्र नळी थेट घराबाहेर हवी. फॉल्स सीलिंगमध्ये नाही आणि हूडच्या डक्टमध्ये तर मुळीच नाही: तिथे तेल असतं, इथे कापसाचे तंतू. युरोपीय संघात १ जुलै २०२५पासून लागू झालेल्या ऊर्जा नियमांमुळे नव्या ड्रायरमध्ये व्यवहारात हीट पंपच उरला आहे. जुनी नळीची जागा धरून नवा आराखडा करण्यात अर्थ नाही.

आता हूड. हॉबमध्येच बसवलेला, खाली हवा ओढणारा पंखा लोकप्रिय होतोय, आणि तो बऱ्याचदा हवा गाळून परत खोलीतच सोडतो. कोळशाचा फिल्टर वास धरतो, वाफ धरत नाही. त्याच खोलीत ड्रायर चालला तर दमटपणाची भर पडते, खिडक्यांवर पाणी साचतं. एकत्र खोलीत हवा बाहेर टाकणारी जोडणीच घ्या. १५० मिमी गोल डक्टऐवजी स्कर्टिंगमधून २२२ गुणिले ८९ मिमीचा चपटा डक्ट जातो. वळणं कमीत कमी ठेवा आणि दोन वळणांमध्ये सरळ तुकडा सोडा. या डक्टसाठी ओट्याच्या मागे जागा लागते, तिथेही ती १० सेंमी जास्त खोली उपयोगी पडते.

सावधान: त्याच जागेत खोलीतली हवा घेऊन जळणारा गॅस हीटर असेल तर जोरदार हूड किंवा बाहेर फेकणारा ड्रायर त्याच्या चिमणीतला धूर उलटा आत ओढू शकतो. कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही आणि त्याला वासही नसतो. ताज्या हवेची वाट ठेवा आणि डिटेक्टर लावा.

## ६. खोकं आणि ओटा

यंत्राखाली कपाटाचा तळ नको. यंत्र थेट इमारतीच्या फरशीवर उभं राहिलं पाहिजे. दोन्ही बाजूंना १ ते २ सेंमी मोकळे ठेवा. यंत्र कपाटाला टेकलं तर पिळताना मिनिटाला १४०० फेऱ्यांवर सगळी रांग गुणगुणते आणि ड्रॉवरमधले चमचे वाजतात.

वाकायला नको म्हणून यंत्र ३० ते ४५ सेंमी उंच चौथऱ्यावर घेण्याचा कल चांगला आहे, पण चौथरा बांधकामाचा किंवा वेल्ड केलेल्या चौकटीचा हवा. पाणी आणि कपडे धरून वॉशर १०० किलोच्या आसपास जातो आणि वर थरथरतो. प्लायचा चौथरा वर्ष-दोन वर्षांत ढिला होतो. पुढच्या काठाला पट्टी किंवा अडकण द्या.

प्लाय पाण्यात टिकणारा घ्या आणि कापलेली प्रत्येक कड बंद करा. जी कड भिंतीकडे आहे म्हणून सोडली जाते, तीच आधी फुगते. डिशवॉशरच्या वर ओट्याच्या तळाला वाफरोधक पट्टी लावा. ओट्याचा जोड थरथरणाऱ्या यंत्रावर येऊ देऊ नका.

ओट्यासाठी कृत्रिम क्वार्ट्‌झ निवडत असाल तर एक माहीत असू द्या: ते कापताना उडणाऱ्या सिलिका धुळीमुळे कामगारांना सिलिकोसिस हा फुप्फुसांचा आजार होतो, म्हणून ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४पासून त्यावर बंदी घातली. कोणताही दगड असो, कोरडी कटाई घरात होऊ देऊ नका. सिंकचं आणि सॉकेटचं भोक कारखान्यातच, पाण्याच्या धारेखाली पाडून घ्या. त्यासाठीही यंत्रं आणि नळ आधी ठरलेले लागतात.

घड्यांच्या ओट्याची उंची कोपरापेक्षा १० ते १५ सेंमी कमी ठेवा. मळक्या कपड्यांच्या ओढून काढायच्या टोपल्या दोन किंवा तीन पुरतात. त्यांचा दर्शनी भाग भोकांचा असू द्या. ओलसर टॉवेल हवाबंद ड्रॉवरमध्ये गेला की दुसऱ्या दिवशी कुबट वास येतो.

## ७. दारं

बाजूच्या खाचेत सरकणाऱ्या दारांना प्रत्येक बाजूला १० ते १५ सेंमी रुंदीची खाच लागते. म्हणजे १६० सेंमीच्या बाहेरच्या मापात आत १३० ते १४० सेंमीच उरतात. दुसरं गणित अधिक फसवं: दार जेवढं रुंद, तेवढी खाच खोल हवी, वर फिटिंगसाठी काही सेंटिमीटर. ७० सेंमी रुंद दार ६० सेंमी खोल कपाटात पूर्ण जाणार नाही, निदान १० सेंमी बाहेर डोकावत राहील. एवढी खोली नसेल तर दुमडणारी दारं घ्या, प्रत्येक पान निम्मं होतं.

फिटिंगचा आराखडा खोकं कापण्याआधी सुताराच्या हातात हवा. दोन मीटरपेक्षा उंच दाराला आतून वाक काढणारा रॉड बसवून घ्या, नाहीतर वाफेने दार धनुष्य होतं.

## ८. बसवणं आणि चाचणी

वॉशरच्या पाठीवरचे वाहतुकीचे बोल्ट आधी काढा, बहुधा चार असतात. ते ठेवून यंत्र चालवलं तर पहिल्याच पिळण्यात ते नाचतं आणि ड्रमचं नुकसान होतं. बोल्ट फेकू नका, घर बदलताना लागतील. ड्रायर आडवा करून आणला असेल तर उभा करून पुस्तिकेत दिलेले तास तसाच ठेवा. कॉम्प्रेसरमधलं तेल खाली बसू द्या.

पाणसळ दोन्ही दिशांना लावा, पाय फिरवून समतल करा, आणि मग पायाचे लॉकनट घट्ट करा. हा नट राहून जातो आणि तीन महिन्यांनी यंत्र तिरकं होतं.

पहिला घाणा कपड्यांशिवाय, स्कर्टिंग न बसवता चालवा. कॉक, उभा पाइप आणि ट्रे टॉर्चने बघा. जोडांवर कोरडा कागदी रुमाल फिरवला की बारीक थेंबही कळतो. मग भरलेला ड्रायर लावा आणि कपाटात वरच्या भागात थर्मामीटर ठेवा. दारं उघडी असताना शेवटच्या अर्ध्या तासात ३५ अंशांच्या खाली राहिलं पाहिजे. नंतर हाच प्रयोग दारं ओढून, समोर उभं राहून करा. पारा वर गेला तर वरची जाळी वाढवा आणि दारं उघडी ठेवूनच वाळवायचं हे घरात सगळ्यांना सांगा.

सुताराचे पैसे चुकते करण्याआधी एक शेवटची मागणी करा: दोन्ही यंत्रं त्याच्यासमोर बाहेर काढून परत आत घालायला लावा. एकही स्क्रू न काढता, फक्त स्कर्टिंग उचलून ती निघाली पाहिजेत. निघाली नाहीत तर खोकं दुरुस्त करायची जबाबदारी अजून त्याची आहे.